साठ पौंड आणि सहा बार

मित्रांनो, धुलाईघराच्या बॉयलरखोलीत दारामागच्या खिळ्याला एक पितळी डबा टांगलेला दिसेल. वाटीएवढा गोल, पुढे काच, काचेआड तबकडी आणि एक काळा काटा. तो मी, एक म्हातारा दाबमापक. माझा काटा कायम तीनवर असतो. आत काही नसतानाही तो शून्यावर येत नाही, आणि या एका खोडीपायी मला नोकरीतून काढलं.

माझ्या पोटात एक वाकडी पितळी नळी आहे. वाफ आत शिरली की ती नळी सरळ व्हायला बघते आणि तिच्या ओढीने काटा फिरतो. सकाळी भट्टी पेटायची, बॉयलरमधलं पाणी आधी कुजबुजायचं, मग गुणगुणायचं, आणि मला पोटात कोमट काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. खोलीभर धूसर ऊब पसरायची. दहा, वीस, चाळीस करत मी साठवर पोचायचो आणि दिवसभर तिथेच तरंगत राहायचो. त्या तरंगण्याची मला आजही स्वप्नं पडतात.

माझ्या तबकडीवर आकड्यांची दोन वर्तुळं आहेत. बाहेरचं काळं, पौंडाचं. म्हणजे एका चौरस इंचावर वाफ किती पौंडांनी रेटते आहे ते सांगणारं. आतलं निळं, बारचं. दाब तोच, मापं दोन. साडेचौदा पौंड झाले की जेमतेम एक बार होतो. पण निळ्या वर्तुळाकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. बॉयलर सांभाळणारे मामा तर नाहीच. त्यांना साठ पौंड ठाऊक होते आणि पंचाहत्तरवरची लाल रेघ ठाऊक होती. तिच्यापुढे जायचं नाही, एवढं त्यांचं शास्त्र.

माझी काच मात्र रोज पुसायची ती मामांची भाची. पलीकडच्या खोलीत ती चादरींना वाफेची इस्त्री करायची. कामाला लागण्याआधी येऊन ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची.

"अगं, त्याला काय लग्नाला जायचंय?" मामा चिडवायचे.

"तुम्हाला दिसत नाही मामा, म्हणून पुसते," ती म्हणायची.

मग माझी नळी थकली. मिस्त्रीने मला काढून माझ्या जागी नवा चकचकीत मापक बसवला. त्यावर एकच वर्तुळ होतं, बारचं, आणि लाल रेघ नव्हती. जाता जाता मिस्त्री म्हणाला, "कुठे किलोपास्कल हे तिसरं माप असलं तर दोन शून्यं उडवायची. चारशेचे चार बार. सोपं आहे." मामांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की शून्य उडवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्यावरून बघत होतो. नव्याचा काटा चारवर आला. रोजची वाफ तयार झाली होती, पण मामा लाकडं घालतच राहिले.

"साठचं शून्य उडवलं की सहा," ते स्वतःशीच म्हणाले. "अजून दोन हवेत."

मित्रांनो, सहा बार म्हणजे सत्त्याऐंशी पौंड. माझी लाल रेघ सव्वापाचच्या आतच येते. जास्तीची वाफ सोडणारी झडप होती, पण क्षार साठून ती कधीची घट्ट बसली होती, आणि कोणी तिला हात लावून पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडे भाची होती, आणखी चार बायका होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड असून आवाज नाही. मी नुसता टांगलेला राहिलो आणि नव्याचा काटा पाचच्या पुढे सरकला.

तेवढ्यात भाची आली. "मामा, आज वाफ फार तापलीय. उशीची खोळ पिवळी पडली."

"होईल सवय. नव्या मापकाची वाफ आहे," मामा म्हणाले.

ती हसली नाही. विचार करताना हात रिकामा राहू नये म्हणून की काय, तिने सवयीने फडकं उचललं आणि माझी काच पुसायला लागली. पुसता पुसता थांबली. साठच्या काळ्या आकड्यावर तिने बोट ठेवलं आणि ते सरळ आत नेलं.

"मामा, साठच्या समोर चार आहे. चार आणि जरासं."

"सहा असेल. नीट बघ."

"सहाच्या समोर सत्त्याऐंशी आहे, मामा."

मामांनी नव्याकडे पाहिलं, मग माझ्या लाल रेघेकडे. "बायकांना घेऊन अंगणात जा," ते म्हणाले. त्यांनी भट्टीत हवा सोडणारी झडप बंद केली, लांब सळईने पेटती लाकडं बाहेर ओढली आणि वाफेचा नळ हळूहळू सोडला. खोली पांढरी झाली. त्या ढगात मला काहीच दिसेना, फक्त मामांची धाप ऐकू येत होती. ढग विरला तेव्हा काटा चारवर होता आणि मामा जमिनीवर बसले होते.

त्याच दिवशी मिस्त्रीने ती घट्ट बसलेली वाफेची झडप मोकळी केली. कपड्यांवर खुणा करायच्या लाल शाईने भाचीने नव्याच्या काचेवर, पाचच्या जरा पुढे, रेघ ओढली.

मित्रांनो, नुसत्या आकड्यावर विसंबू नका. तो कशाचा आकडा आहे, तेही विचारा. आणि थकलेल्या वस्तूची काच अधूनमधून पुसत जा. माझा काटा खोटं बोलतो, पण माझी वर्तुळं अजून खरी आहेत.

आता रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी मामा स्वतः फडकं ओलं करतात. माझी काच पुसतात, साठवर बोट ठेवून आत नेतात आणि हळूच म्हणतात, "चार आणि जरासं." मगच काडी ओढतात.