पडद्यावर विरघळलेली गाठ

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा हॉल एरवी वार्षिक सभेलाही भरत नाही. त्या रविवारी मात्र सकाळी नऊलाच दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि स्कूटर लावण्यावरून दोन सभ्य गृहस्थ एकमेकांना 'आपण' म्हणत भांडत होते. आत भिंतीवर मोठा पांढरा पडदा. पडद्यावर सोनोग्राफीचं करडं, हलतं चित्र, आणि त्याच्या मधोमध नारळाएवढा काळाभोर गोळा.

"ही किडनीची गाठ," माईकवरून श्रीनिवास सर म्हणाले. "आता बघा."

सरांच्या गळ्यात माळ नव्हती, अंगात कफनी नव्हती. कडक इस्त्रीचा शर्ट, पट्ट्याला मोबाईल. अमेरिकेतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आपण पुण्याच्या किडन्या वाचवायला आलो, असं ते दर दहा मिनिटांनी सांगत. "हॉस्पिटलवाले सुई खुपसून हीट देतात. आपण तीच हीट तळहातातून देतो. सेम टेक्नॉलॉजी, फक्त वायरलेस."

कोचावरच्या बाईंना त्यांनी कुशीवर वळवलं आणि टॉवेल गुंडाळलेला हात पाठीवर ठेवला. बाई कळवळल्या, "भाजतंय हो." पाच मिनिटांनी सर म्हणाले, "गाठीचं पाणी झालंय. जा, बाहेर टाकून या." बाई बाथरूमला जाऊन आल्या, पुन्हा झोपल्या, सरांनी यंत्राचा हातात धरायचा प्रोब पुन्हा टेकवला. पडद्यावर गोळा नव्हता. हॉलभर टाळ्या.

"म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलंय," शेजारी बसलेल्या सोजरबाई मला म्हणाल्या. त्या बावधनहून लेकीला घेऊन दुसऱ्यांदा आल्या होत्या. "पोरीची गाठ ही एवढी दिसली अन् मागनं न्हाई. डोळं खोटं बोलतील व्हय?"

आदल्या रविवारी त्याच कोचावर माझा नवरा झोपला होता.

बुद्धभूषण, माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना एकच किडनी आहे. दुसरी त्यांनी अठ्ठ्याण्णव साली धाकट्या भावाला दिली. उरलेल्या किडनीत दोन हजार सातच्या उन्हाळ्यात गाठ सापडली. सदाशिव पेठेतल्या डॉक्टर पूर्वांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "नुसती पाण्याची गाठ असती तर हातही लावला नसता. हिच्यात जाड पडदे आहेत, आणि एक घट्ट भाग रक्त ओढतोय. कॅन्सरची शक्यता बरीच आहे. किडनी काढली तर काका आयुष्यभर डायलिसिसवर. म्हणून पाठीतून बारीक सुई घालायची, सीटी स्कॅनवर बघत बघत, आणि टोकाला उष्णता देऊन तेवढाच भाग जाळायचा. बाकीची किडनी राहते. रक्तस्रावाचा थोडा धोका आहे, तोही सांगून ठेवते." सुईचं यंत्र मुंबईहून यायचं होतं. तारीख ठरली गुरुवारची. तो हुकला तर पुढची पाळी दोन महिन्यांनी.

आणि हे महाशय हॉलमधून घरी आले ते थेट फोनपाशी गेले. "गुरुवारचं रद्द करा. गाठ गेली."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्या वडिलांनी छप्पन साली घरातले देव बाहेर काढले. तुम्ही आयुष्यात एक नवस केला नाहीत. आणि आता हा?"

"हा देव नाही, प्रेमला. मशीन आहे," ते शांतपणे म्हणाले. "मी पुरावा मागितला, त्यांनी दाखवला."

हे मला फार लागलं. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं. पुरावा मागा, पुरावा मागा, असं घसा फोडून सांगितलं. कशाचा पुरावा, हे विचारायला शिकवायचं राहिलंच की काय? मी डॉक्टर पूर्वांना फोन केला, सोमवारपर्यंत जागा धरून ठेवा म्हणून हात जोडले, आणि पुढच्या रविवारी हे पुन्हा निघाले तशी यांच्या मागोमाग हॉलमध्ये येऊन बसले.

बसले ती घड्याळ लावून. नाव लिहिलं की प्रत्येकाला तांब्याच्या भांड्यातून लिटरभर 'ऊर्जित' पाणी. मग तासभर बसायचं, मधे बाथरूमला जायची सक्त मनाई, कारण ऊर्जा सांडते म्हणे. हात लावायचा पाठीला. आणि प्रोब? प्रोब दर वेळी बेंबीच्या चार बोटं खाली.

किडन्या पाठीशी असतात, बरगड्यांच्या आडोशाला. हे सातवीच्या पोराला येतं. बेंबीखाली काय असतं, हेही येतं.

मी नाव लिहून आले आणि भांडंभर पाणी प्यायले. तासाभराने माझी अशी अवस्था झाली की विचारू नका. नंबर आला तशी जपून चालत कोचावर जाऊन पडले. बेंबीखाली थंडगार जेल, वर प्रोब. पडद्यावर काळा गोळा. हॉल हळहळला.

"मॅडम, तुमची तर बरीच मोठी आहे," सर गंभीर झाले. "कधीपासून त्रास?"

"तासाभरापासून," मी म्हटलं आणि उठले. "आलेच."

बाथरूममधून परत येऊन पुन्हा आडवी झाले. "लावा."

"अजून ऊर्जा दिली नाही मॅडम."

"लावा तरी."

"लावा की सर," मागून कुणीतरी म्हणालं. नाइलाजाने त्यांनी लावला. गोळा नव्हता.

मी उठून उभी राहिले. आवाज वर्गातलाच निघाला. "सरांनी मला हातही लावला नाही. तरी गाठ गेली. कारण ती गाठ नव्हतीच. भरलेलं मूत्राशय होतं. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. पाणी प्यायलं की गोळा येतो, बाथरूमला गेलं की जातो." मग मी कोचावरचा टॉवेल उचलून झटकला. आतून जेलची पिशवी पडली. खेळाडू दुखऱ्या गुडघ्यावर ठेवतात तसली. आतली पत्र्याची चकती दाबली की तापते. "आणि हा यांचा वायरलेस तळहात."

मला वाटलं, संपलं. छे. सर हसले. "काकू, ऊर्जा हॉलभर आहे. इथे बसल्यानेच तुमची गाठ विरघळली." आणि चार माना हलल्या. खरंच हलल्या. मी यांच्याकडे पाहिलं तर हे खाली बघत होते.

मग ते उठले. शर्टाची बटणं काढत कोचापाशी आले आणि कुशीवर झोपले.

"सर, माझी किडनी पाठीत आहे. एकच आहे. तिथे लावून दाखवा."

"काका, गेल्या रविवारी दाखवली ना?"

"ते पोटावर होतं. पाठीवर लावा."

सर प्रोब हातात धरून उभे राहिले, मग वाकले आणि वायर उपटली. पडदा कोरा झाला. "मशीन गरम झालंय. आज इतकंच."

"उष्णता उतरवता येत नाही का, तळहाताने?" स्कूटरवरून भांडणाऱ्यांपैकी एकाने विचारलं. हॉल रिकामा व्हायला मग वेळ लागला नाही. सोजरबाई लेकीची फाईल छातीशी धरून तशाच बसून राहिल्या होत्या. "आता कुठं जावं, बाई?" मी त्यांना डॉक्टर पूर्वांचा पत्ता लिहून दिला.

घरी जिन्यात हे थांबले. कठडा घट्ट धरला होता. "मला पुरावा नकोच होता गं," म्हणाले. "मला सुई नको होती. एकच राहिलीय, आणि तिच्यातच सुई. मी फार घाबरलोय." मी त्यांचा हात धरला. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन केला.

गुरुवारी दीड तास लागला. दोन दिवस लघवीतून थोडं रक्त गेलं आणि आमची झोप उडाली, मग थांबलं. तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये जाळलेला भाग रक्त ओढत नव्हता. किडनी काम करते आहे, तपासण्या चालू आहेत. विनानोंदणीचं सोनोग्राफी यंत्र बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा महापालिकेत मी लेखी तक्रार दिली आणि यंत्राला सील लागलं. सर दुसऱ्या गावी गेले असतील. माणसं तिथेही घाबरतातच.

म्हणून सांगते. यंत्र दिसलं म्हणून मान डोलवू नका. ते कुठे टेकवलं आणि तिथेच का, हे विचारा. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याकडून उठून या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि घरातलं माणूस अशा हॉलमध्ये जाऊन बसलं तर त्याला मूर्ख म्हणू नका. मी तसं म्हणाले होते, मोठ्यांदा, दोनदा. तुला कशाची भीती वाटते, एवढं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर ते गुरुवार मोडायला निघालेच नसते.