म्हाळाआधी आलेला पतंग

मी एक जुना पतंग आहे, मित्रांनो. जुना म्हणजे थोड्याच रात्रींचा; आमच्यात तेवढ्यातच म्हातारपण येते. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण आरशामागे खोचलेले ते पत्र आठवते आणि राहवत नाही. त्याला उत्तर गेलेच नव्हते.

पवनेकाठच्या बोरीवर मी अळी म्हणून वाढलो, पोटभर पाने खाल्ली, कोश विणून निजलो. जागा झालो तेव्हा पंख होते, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके होते, पण खायला तोंड नव्हते. तेव्हा पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि जवळच्या चाळीत विजेचे दिवे आले होते. उजेडाला भुलून मी एका भिंतीवर टेकलो. ते घर ज्योतीरामचे. साताऱ्याकडून तो कारखान्यात कामाला आला होता.

त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, केरसुणी उचलली. "विषारी हाय मेलं! पोरीच्या डोळ्यात पंखाची भुकटी गेली म्हंजी?"

"थांब गं बये!" चाळीची मालकीण सोजराबाई दारातून ओरडली. "पितरपाठ सुरू हाय. बघ कसं टकामका बघतंय. तुमच्यातलंच कुनीतरी आलंय."

ज्योतीरामचा चेहरा उतरला. वडील वारले तेव्हा नवी नोकरी जाईल म्हणून तो मातीला गेला नव्हता. आता थोरल्या भावाने पत्र धाडून वडिलांच्या म्हाळाला बोलावले होते.

"लिवा की आता भावजींस्नी," रुक्मिणी म्हणाली. "का आरशाला टेकू दिलाय पत्राचा?"

"कुठल्या तोंडानं लिवू?"

मी कुणाचा बाप नाही, माझ्या ठिपक्यांना दिसत नाही, माझ्या भुकटीने कुणी आंधळे होत नाही, हे मला सांगायचे होते. पण मी नुसता बसून राहिलो आणि तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने कार्ड काढले. "दादा, येतो," लिहिता लिहिता तो पुटपुटला, "तुमी बोलाल ते ऐकून घीन."

दिवा मालवल्यावर मी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसलो. सकाळी तोच सदरा घालून तो पाळीला निघाला. टपालपेटीपाशी त्याला मी दिसलो.

"हितवर सोबत आलास व्हय, बा?" असे म्हणून त्याने मला अलगद उचलून कुंपणावर ठेवले.

मित्रांनो, भिंतीवरचा पतंग तुमचा कुणी नसला तरी केरसुणी उचलू नका. वाटी पालथी घाला, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडा. आम्हाला दिवस थोडे असतात.

कुंपणावरून मी पाहत होतो. पेटीपाशी ज्योतीरामचा हात जरा अडला. मग कार्ड आत पडल्याचा आवाज आला.