फोटोतली शेवटची मुलगी

संग्रहालयात शाळांच्या सहली येतात तेव्हा मी मुलांना आधी मरणाबद्दल काहीच सांगत नाही. एका ज्यू शाळेतल्या वर्गाचा जुना फोटो दाखवते, त्यातल्या कुणाला पाढे यायचे नाहीत, कुणाचे वडील बूट शिवायचे, कोण वर्गात गुणगुणायचं ते सांगते, आणि होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, हा शब्द बराच उशिरा उच्चारते. निघताना प्रत्येक जण फोटोतल्या एका मुलाच्या नावाचं कार्ड घरी नेतो. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीचं नाव मात्र अजून सापडलेलं नाही. कुणीतरी धरावा तसा तिचा एक हात बाजूला आलेला आहे, पण कार्डच नसल्यामुळे तिला कुणी नेत नाही.

एकदा बालवाडीला सुट्टी होती, म्हणून चार वर्षांच्या लेकीला कामावर नेलं आणि खडू देऊन मागच्या बाकावर बसवलं. चांगल्या आया अशा वेळी काय करतात, मला खरंच माहीत नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती फोटोपाशी गेली. "आई, हिला कोण नेणार?"

मी खुर्च्या आवरत होते. "तू ने," म्हटलं.

त्या दिवसापासून ती अर्ध्याच खुर्चीवर बसू लागली, डावा हात अंगापासून जरा लांब धरून चालू लागली, आणि रस्त्यावर मला हात देईना. उजव्या हातात बाहुली, आणि डावा? "तो तिचा आहे!"

"तुझीच लेक," नवरा हसला. "काम घरी घेऊन येते."

हसले मीही. पण आमच्या दारासमोरचा रस्ता रुंद आहे, सिग्नल नाही, आणि गाड्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. समजावलं, ओरडले, एकदा मनगट धरून ओढलंसुद्धा, तर ती कळवळून रडली, "ती सुटेल ना गं!"

परवा आम्ही रस्त्याच्या मधोमध पोचलो आणि वळणावरून ट्रक आला. मी न बघताच डावा हात मागे केला. नशीब माझं, छोटी बोटं आपणहून मुठीत शिरली, घट्ट.

"शहाणी माझी बाय ती," मी म्हणाले.

"आई," लेक माझ्या उजव्या बाजूने बोलली. बाहुली काखेत मारून तिने दोन्ही हातांनी माझ्या पिशवीचा बंद धरला होता. "आता तू धरलंस ना तिला?"

ट्रक जवळ आला होता. रस्त्यात हात सोडायचा नसतो, हे तिला मीच शिकवलं आहे.

पलीकडे पोचल्यावरही मी मुठीकडे बघितलं नाही. हे टाइप करायला फार वेळ लागतो आहे. एकच हात मोकळा आहे.