वरचा नंबर माझाच होता

बाळंतपणाची रजा संपवून मी टॉवेलच्या कारखान्यात परत रुजू झाले, आणि माझा फोन गप्प झाला. अक्कलकोट रोडवरच्या त्या कारखान्यातल्या यंत्रांचं नेटवर्क मी सांभाळते; कुठलंही यंत्र त्यावरून तुटलं, की मला मेसेज यायला हवा. आता ते माझ्या रजेत कामाला घेतलेल्या इंद्रजीतला आधी कळायचं. मी पोचेपर्यंत तो दुरुस्त करून मोकळा.

“ताई, तुमी बाळाकडं बघा की,” म्हणायचा. फारच गोड.

मालक शिवलिंगप्पाआण्णा परवा म्हणाले, “दोघं कशाला लागत्यात, महिनाअखेरीला बघू.”

आज दुपारी पिंकी झोळीत झोपल्यावर मी घरूनच नेटवर्कचं सेटिंग उघडलं. तिथं प्रत्येक यंत्राच्या पानावर मेसेज कुणाला जावा त्या जागी कुणाचा नंबर नसतो, नुसतं ‘ड्यूटी फोन’ असं नाव असतं. त्या नावाचा नंबर सगळ्यांत वरच्या पानावर एकदाच भरायचा, सगळी यंत्रं तोच घेतात. वर माझाच नंबर होता. मग फोन वाजत का नाही?

एखाद्या यंत्राच्या पानावर वेगळा नंबर भरला, तर ते वरचं ऐकत नाही. मी रंगखान्याचं पान उघडलं. तिथं दुसराच नंबर. पुढच्या पानावरही तोच. इंद्रजीतचा नव्हता. लग्नाआधी मी चोरून लावायची, तो पाठ असलेला नंबर. बिभीषणचा. माझ्या नवऱ्याचा.

इंद्रजीतला फोन केला.

“दाजींनीच सांगितलं की! मेसेज त्यांना जातो, ते मला कळवत्यात. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय.”

“मग वरचा का नाही बदललास?”

“दाजी म्हणले, तो राहू दे, ताईला दिसंल. वाईट वाटंल.”

बिभीषण जेवायला आला तेव्हा मी एकेका पानावरचा त्याचा नंबर पुसत होते. त्यानं स्क्रीन बघितली, मग झोळी.

“तुला झोप मिळावी म्हणून केलं गं. डोळं बघ कसं झाल्यात.”

“आण्णा मला काढायला निघालेत, ठाऊक होतं?”

“काढू देत की. पोरगी मोठी झाली की बघू परत.”

हे तो इतक्या मायेनं बोलला, की क्षणभर मलाच माझी शंका कोती वाटली. क्षणभरच.

चाचणीचा मेसेज सोडला. फोन माझ्या हातात वाजला. पिंकी दचकून रडायला लागली.

“बघ, उठवलंस,” तो म्हणाला.

मी तिचा पापा घेतला, तिला त्याच्या हातात दिलं आणि आण्णांना फोन लावला. “आण्णा, आजपासनं यंत्र बंद पडलं तर आधी मला कळंल. इंद्रजीतला मी सांगेन.”

सेटिंगचा पासवर्ड बदलायचा होता. बिभीषण पोरीला घेऊन गॅलरीत जाईपर्यंत थांबले.