मुंग्या येतात का?

पोशेरा गावच्या बुधीला आणि तिच्या नवऱ्याला, नवसूला, टीबी एकदमच झाला. दोघांना गोळ्याही त्याच. चार महिन्यांत नवसू मजुरीला जाऊ लागला आणि बुधीचे पाय मात्र परक्याचे झाले. परवा निखाऱ्यावर पाय पडला, तेही तिला जळक्या वासावरून कळलं.

मोखाड्याच्या डॉक्टरांनी फोड पाहिला.

"काहींचं लिव्हर जन्मापासूनच हे औषध सावकाश जिरवतं. तुमच्या नवऱ्याचं जिरलं, तुमच्या अंगात साठत गेलं, म्हणून पाय बधिर झाले. वेळेत कळलं असतं तर व्हिटॅमिनच्या गोळीवर भागलं असतं." मग ते नर्सवर उखडले, "सिस्टर, घरी जाऊन विचारत होतात ना?"

"दर महिन्याला विचारलं, सर. पायांना मुंग्या येतात का म्हणून. ही आपली नाहीच म्हणायची!"

बुधीला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिच्या घरच्या बोलीत मुंगी म्हणजे मुंगीच. सिस्टर यायच्या आदल्या दिवशी ती कोपरा न् कोपरा शेणाने सारवून काढायची.

"मुंग्या कशाला येतील, बाय?" ती म्हणाली. "घर सारवलेलं असायचं ना."