पवळ्याचे हुलगे

शुभदाचं लग्न वैशाखात झालं, पण रहाटणीत खोली मिळेपर्यंत ती संगमेश्वरला सासरीच राहिली. मधुसूदनला पिंपरीच्या कंपनीत नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. एवढे दिवस तो मित्रांबरोबर राहत होता. शेवटी उद्धवराव नावाच्या एका शेतकऱ्यानं घरामागची खोली त्याला भाड्यानं दिली आणि दसऱ्याच्या सुमारास बायकोला घेऊन तो रहाटणीत आला. अडुसष्ट साल होतं. गाव म्हणजे पवनेकाठची थोडी घरं, नि पलीकडे सगळी ज्वारी-बाजरीची रानं. कंपनीचा भोंगा तेवढा वाऱ्याबरोबर ऐकू यायचा.

दिवाळी होईपर्यंत शुभदाला सगळं आवडलं. मग थंडी पडली आणि तिचा धीर सुटला. तिच्या गावी थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक गोधडी. उन्हं वर आली की विसरून जायचं. इथे नदीवरून धुकं यायचं ते अंगणात ठाण मांडून बसायचं. खोबरेल तेल बाटलीत दगडासारखं गोठायचं, वेणी घालायची तर आधी बाटली स्टोव्हजवळ नेऊन ठेवावी लागे. भांडी घासून झाली की बोटं कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी वाटत. मधुसूदन कानाला मफलर गुंडाळून अंधारातच सायकलवर निघून जाई आणि ती दिवसभर शाल लपेटून घरात बसे. माणूस चांगला होता, घर चांगलं होतं, तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त गार वाजत होतं.

अशा वेळी तिला कुळथाची पिठी आठवायची. लसणाची फोडणी, दोन आमसुलं, वर खोबरं, आणि खाली गुरगुट्या भात. माहेरी अंगात कसर आली, पावसात भिजून आलं, जेवायची इच्छा नसली, की आई पिठी करायची. शुभदानं येताना पिठाचा डबा भरून आणला होता, पण तो कधीच संपला. तिनं मधुसूदनला पिंपरीच्या वाण्याकडून कुळीथ आणायला सांगितले. वाण्यानं त्याला उडीद बांधून दिले. दुसऱ्या वाण्यानं असला माल ठेवत नाही म्हणून सांगितलं. मग तिनं तो विषय सोडून दिला.

उद्धवरावांची बायको रुक्मिणीबाई अंगणातच असायची, पण शुभदा तिला थोडी बिचकून होती. रुक्मिणीबाईचा आवाज मोठा, बोलणं झपाट्याचं, त्यातलं निम्मंच शुभदाला कळायचं. पाणी आलं का, कपडे वाळले का, एवढ्यावर दोघींचं बोलणं आटपायचं.

एका सकाळी शुभदा कपडे वाळत घालायला बाहेर आली आणि जागीच थांबली. वास कुळथाचा होता. शंकाच नव्हती. गोठ्यापाशी तीन दगडांवर एक मोठं काळं पातेलं रटरटत होतं आणि रुक्मिणीबाई त्यात लाकडाचा दांडा फिरवत होती. शुभदा हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन तिथवर गेली. वाकून पाहिलं तर तेच तांबूस, चपटे दाणे, फुगून फुटायला आलेले.

"मावशी, हे काय शिजवताय?"

"हुलगं. पवळ्याला," रुक्मिणीबाईनं गोठ्यातल्या बैलाकडे मान वळवली. "म्हातारा झालाय. थंडीत अंगात ऊब नगं का त्येच्या?"

शुभदानं पवळ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मग लाज बाजूला ठेवून तिनं विचारलं, की यातलं वाटीभर पाणी मिळेल का.

रुक्मिणीबाईचा हात थांबला. तिनं वाटी आणली आणि वरचं निवळ कढण ओतून दिलं. शुभदानं खोलीत नेऊन त्यात मीठ टाकलं, लसूण ठेचून टाकला आणि भिंतीला टेकून ते घोट घोट प्यायली. कढण घशातून खाली गेलं तसं तिला पायाच्या बोटांपर्यंत बरं वाटलं. वाटी परत करायला गेली तेव्हा तिनं आणखी एक वाटी मागून घेतली.

दुपारी रुक्मिणीबाईनं बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी आणून दिली. संध्याकाळी दुधाचा तांब्या आला. या माणसांना आज काय झालंय, ते शुभदाला कळेना. शेजारच्या छबूबाईनं तर येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुस्कारा टाकला.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. मधुसूदन कामावरून आला तेव्हा उद्धवराव त्याची वाट बघत पारावर बसले होते. त्यांनी त्याला सायकलवरून उतरवलं, बाजूला घेतलं, इकडचं तिकडचं विचारलं. कंपनी बंद पडायच्या बेतात आहे का, जुगार वगैरेचा नाद आहे का, असं आडून आडून झालं. मग त्यांना राहवेना.

"मधुभाऊ, आडचन आसंल तर सांगा. आमी परकं न्हाई. पन त्या पोरीला उपाशी ठिऊ नगा. बैलाच्या पातेल्यातलं मागून पेली ती."

मधुसूदन घरी आला तो कानशिलं लाल करून. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, मफलर काढला आणि विचारलं, "तू त्यांच्या बैलाचं खाल्लंस?"

"खाल्लं नाही, प्यायले," शुभदा म्हणाली. "कुळथाचं कढण होतं ते. इथे त्याला हुलगे म्हणतात. मलाही कालच कळलं."

 तो खाटेवर बसला आणि खांदे गदगदेपर्यंत हसला. हसता हसता त्यानं विचारलं, "थोडं माझ्यासाठी ठेवायचं नाही का?"

पण गैरसमज दूर करणं भाग होतं. सकाळी शुभदा रुक्मिणीबाईच्या चुलीपाशी जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कोकणात हेच दाणे माणसं खातात, माझी आई थंडीवाऱ्यात हेच करते, घरात तांदूळ आहेत, डाळ आहे, नवरा जुगार खेळत नाही. रुक्मिणीबाई ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्ही हसाल."

"अगं येडे, हुलगं आमी बी खातो. शेंगुळी करतो, माडगं करतो. पन निवडून, धुऊन. बैलाच्या पातेल्यातलं न्हाई."

एवढं बोलून ती उठली आणि कणगीतून सूपभर हुलगे काढून घेऊन आली. दोघींनी ते निवडले, खमंग भाजले, भरडून सालं पाखडून टाकली. मग जात्याशी समोरासमोर बसल्या. शुभदाला जात्याचा हात नव्हता, रुक्मिणीबाईनं खुंट्यावरचा तिचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि फिरवला. पीठ पडू लागलं तसं शुभदा माहेरची सांगू लागली. रुक्मिणीबाई तिच्या ताथवड्याच्या माहेराची सांगू लागली. शुभदाला आता तिचं बोलणं सगळं कळत होतं.

संध्याकाळी उद्धवरावांच्या स्वयंपाकघरात चौघांची पानं मांडली. शुभदानं पिठी केली होती, भात जरा जास्तच मऊ केला होता. रुक्मिणीबाईनं त्याच पिठात लसूण-मिरची मळून, हातावर वेटोळी वळून ती मसाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडली होती. शेंगुळ्यांवर कच्च्या तेलाची धार पडली आणि घरभर वास सुटला.

उद्धवरावांनी आधी पिठी वाटीत घेतली, भुरका मारला, थोडं थांबले, पुन्हा मारला. "पातळ हाय," ते म्हणाले, "पन आतवर जाती." आणि वाटी पुढे केली. भात त्यांनी बाजूला सारला, पिठीत भाकरीच कुस्करली. मधुसूदन शेंगुळ्यांवर असा तुटून पडला की बोलायचंही विसरला. पवळ्याच्या गोष्टीवरून उद्धवराव थोडे ओशाळले होते. त्यांनी तसं बोलून दाखवल्यावर मधुसूदन म्हणाला, की उलट बरं झालं, नाहीतर आम्ही उडीदच खात बसलो असतो.

पानं उचलली गेली. चुलीत निखारे होते. रुक्मिणीबाईनं त्यावर आणखी एक लाकूड सारलं आणि शुभदाच्या पाटाला हात लावून तो जवळ ओढून घेतला. शुभदानं पाय निखाऱ्यांकडे केले. बाहेर धुकं उतरायला लागलं असणार, पण ते तिला इथून दिसत नव्हतं. हुलग्याच्या पिठाचं माडगं पेजेसारखं कसं शिजवायचं, त्यात गूळ किती घालायचा, ते रुक्मिणीबाई तिला समजावत होती.

मधुसूदन दारात उभा राहिला. उद्या सकाळची शिफ्ट आहे, निघायचं का, असं त्यानं विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," शुभदा म्हणाली. "मी येते."