तळ्याकाठचा पिवळा तंबू

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा तंबू आहे. जाड कापडाच्या पट्ट्या दुहेरी शिवणीने जोडून एका शिंप्याने मला घडवले. तो एका साहित्य मंडळाचा सभासद होता. लहानपणी साहसकथा वाचून ज्यांना रानावनाचे वेड लागले होते, अशी मोठी माणसे त्या मंडळात जमत. वर्षातून एकदा तळ्याकाठी यायचे, मला उभारायचे, होडी वल्हवायची आणि बेटावर बसून मोठ्याने गोष्टी वाचायच्या, असा त्यांचा नेम होता. कोणी खुंट्या ठोकी, कोणी दोर ताणी. “तंबू कसला, राजवाडा आहे हा,” असे म्हणत. मी कौतुकाने फुगून जाई.

पुढे सभासद वाढले, पण कामाला हात मिळेनासे झाले. लोक खुर्च्यांवर बसून भाषणे ऐकत, जेवत आणि निघून जात. मला ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकत. माझ्या अंगावर बुरशी चढली. मंडळ मोडेल आणि माझी पायपुसणी होतील, या धास्तीने मला चैन पडेना.

गेल्या मेळाव्याला तर जेमतेम पाच-सहा जण आले, त्यांत एक दंतवैद्य आणि एक शिक्षिकाबाई. मंडळाच्या चिटणीस, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी धडपडत मला एकटीने उभे केले.

“बेटावर वाचायला कोण येतंय?” त्यांनी विचारले.

“तुम्ही व्हा पुढे, मावशी. माझे गुडघे कुरकुरतात,” दंतवैद्य म्हणाले.

“मला पाण्याची भीती वाटते,” शिक्षिकाबाई पुटपुटल्या.

मावशींनी वल्हे उचलले. एकट्याच होडीत बसून निघाल्या.

दिवस कलला आणि तळ्यावर धुके उतरले. बेट दिसेना, पाणीही दिसेना. “अहो, किनारा कुठंय?” मावशींची हाक आली, तीही बंधाऱ्याच्या बाजूने. तिथे पाणी धो धो खाली कोसळत होते. माझे दोर थरथरू लागले. सगळे एकदम ओरडले, तशी मावशींची हाक आणखीच लांब गेली.

“गप्प बसा सगळे,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. “एकाच जागेवरून एकच आवाज जाऊ दे.”

दंतवैद्यांनी मला उपटून पाण्याकाठी नेले. चौघांनी माझी टोके उंच धरली. मागून मोटारीचे दिवे लावले. मी धुक्यात कंदिलासारखा उजळलो. शिक्षिकाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि मंडळाच्या पुस्तकातली गोष्ट खड्या आवाजात वाचू लागल्या. त्यांचा घसा बसला, तेव्हा दुसऱ्याने पुस्तक घेतले. मग तिसऱ्याने. बंधाऱ्याचा आवाज मात्र थांबत नव्हता, आणि मावशींची हाक बंद झाली होती.

अखेर वल्ह्याचा चुबुकचुबुक आवाज आला. होडी काठाला लागली. मावशी थंडीने काकडत होत्या.

“मधलं एक पान गाळलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या.

दंतवैद्यांना हसताना रडू आले.

त्या खेपेला मला वाळवून, झटकून मगच घडी घातली. मंडळ टिकेल का, ही काळजी मला अजून आहेच. पण मित्रांनो, एवढे ऐका. ओल्या तंबूची घडी घालू नका. आणि जिथे आपले नाव नोंदवाल, तिथे एखादे टोक तरी हाताने धरा. धुके काही आधी सांगून येत नाही.